खाजकुहिलीच्या बियांतलं डोपा

गडहिंग्लजहून चंदगडच्या दिशेनं निघालं की वाटेत नेसरी लागतं. महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते तिथल्या खिंडीमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर इथे तुटून पडले आणि सातही जण कामी आले. स्मारक पाहायला माणसं वर्षभर येतात, फेब्रुवारीत जरा जास्तच. त्याच दिवसांत या भागातल्या ओढ्याकाठच्या झुडपांवर, शेताच्या कुंपणावर खाजकुहिलीच्या शेंगा वाळून तडकायला आलेल्या असतात. तिच्या वाटेला मात्र कोणी आपणहून जात नाही.

पावसाळ्यात हा वेल इतर वेलींसारखाच निरुपद्रवी दिसतो. दिवाळीच्या आसपास जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, मग वाकड्या, फुगीर शेंगा धरतात आणि त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी केसांची मखमल चढते. ही मखमल अंगाला लागली की माणूस अक्षरशः नाचतो. शाळेच्या बाकावर, मास्तरांच्या खुर्चीवर हे केस टाकण्याचा उद्योग घाटावरच्या आणि कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी केलेला आहे. त्यावर अंगाला शेण फासण्याचा उताराही तितकाच जुना. ही खाज प्रथिनं तोडणाऱ्या एका विकरामुळे सुटते, असं शेली आणि आर्थर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९५५ साली दाखवलं आणि त्याला म्युक्युनेन असं नाव दिलं.

पण खाज हा या वनस्पतीचा बाहेरचा बंदोबस्त झाला. शेंगेच्या आत जे गुळगुळीत, चकचकीत बी असतं, त्याच्यात एक अमिनो आम्ल साठवलेलं असतं. रसायनशास्त्रात त्याचं नाव ३,४-डायहायड्रॉक्सीफेनिलअलनिन. औषधाच्या दुकानात ते लेव्होडोपा होतं आणि कंपवाताच्या रुग्णाच्या घरात नुसतं ‘डोपाची गोळी’. या एका नावाचा अर्थ शंभर वर्षांत चार-पाच वेळा बदलला. ती हकिकत युरोपात सुरू होते, पण तिचे महत्त्वाचे धागे मद्रास, मुंबई आणि कोल्हापुरातून गेलेले आहेत.

आधी त्या लांबलचक नावाचा उलगडा. फेनिलअलनिन हे आपल्या अन्नातल्या प्रथिनांत असणारं साधं अमिनो आम्ल. त्याच्या कडीला एक हायड्रॉक्सिल गट जोडला की टायरोसिन होतं, शेजारी दुसरा जोडला की डोपा. तिसऱ्या आणि चौथ्या जागेवर हे गट बसलेले असतात, म्हणून ‘३,४’. प्रथिनं ज्या वीस नेहमीच्या अमिनो आम्लांची बांधलेली असतात त्यांत डोपा नाही. जनुकांच्या लिपीत त्याच्यासाठी शब्दच नाही. म्हणून जीवरसायनशास्त्रज्ञ त्याला प्रथिनबाह्य अमिनो आम्लांत धरतात. अपवाद निसर्गाला आवडतातच. समुद्रातल्या खडकाला घट्ट चिकटून बसणारे शिंपले आपल्या डिंकातल्या प्रथिनात टायरोसिनचं जागच्या जागी डोपा करून घेतात, हे हर्बर्ट वेट आणि मार्विन टॅन्झर यांनी १९८१ साली दाखवलं. रत्नागिरी-मालवणकडे शिनाणे खडकावरून खरवडून काढताना जी मेहनत पडते, तिच्यात डोपाचाही वाटा असतो.

हा पदार्थ प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार केला तो कासिमिर फंक यांनी, १९११ साली, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये. पुढच्याच वर्षी ‘व्हिटॅमिन’ हा शब्द जगाला देणारे फंक ते हेच. त्यांचं डोपा मात्र सरमिसळीचं होतं. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात असे दोन प्रकारचे रेणू त्यात सारख्या प्रमाणात होते. या दुहेरीपणाचं महत्त्व कळायला पुढे पन्नासेक वर्षं गेली आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

१९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे, हॉफमन-ला रोश कंपनीतल्या मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून शुद्ध नैसर्गिक डोपा वेगळं केलं. शेंगा कंपनीच्या मालकांच्या बागेतल्या होत्या, असं सांगतात. गुगेनहाइम यांनी ते सशांना देऊन पाहिलं. फारसं काही घडलं नाही. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अडीच ग्रॅम स्वतःच घेतलं आणि जोरदार उलट्या झाल्या. निष्कर्ष असा निघाला, की हा पदार्थ औषध म्हणून कुचकामी आहे. दुसऱ्या एखाद्या कंपनीत ही बाटली केव्हाच मोरीत गेली असती. रोशनं ती फडताळात ठेवली, आणि या हकिकतीत ती पुढे एकदा बाहेर येते.

‘डोपा’ हे सुटसुटीत नाव रूढ झालं ते त्वचेच्या संदर्भात. ब्रुनो ब्लॉख हे स्विस त्वचारोगतज्ज्ञ माणसाच्या कातडीला काळा रंग कुठून येतो याचा शोध घेत होते. कातडीचे पातळ काप ते या पदार्थाच्या द्रावणात ठेवत आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी तेवढ्या काळ्या पडत. कोडाच्या डागातली कातडी मात्र तशीच राही. १९१७ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. जर्मन भाषेत त्या पदार्थाचं नाव डायऑक्सिफेनिलअलनिन. त्यातली आद्याक्षरं उचलून ‘डोपा’, आणि त्या चाचणीला ‘डोपा रिॲक्शन’. पुढची काही दशकं वैद्यकाच्या विद्यार्थ्याला डोपा भेटे ते त्वचारोगाच्या पुस्तकात. मेंदूशी त्याचा संबंध जोडायला कोणाला कारणच नव्हतं.

या मधल्या काळात मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी खाजकुहिलीचं बी हातात घेतलं. १९३७ साली ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये त्यांचा चार पानी निबंध छापून आला. या बियांत बाकल्याप्रमाणेच डोपा आहे, ते वेगळं कसं काढायचं आणि ते तेच आहे हे कशावरून, एवढंच त्यात होतं. रोग नाही, रुग्ण नाही, प्राचीन विद्येचा गौरव तर मुळीच नाही. आज खाजकुहिली आणि कंपवात यांच्याविषयी जे काही लिहिलं जातं, त्याचा रासायनिक पाया हा निबंध आहे. तरीही दामोदरन-रामस्वामी ही नावं आपल्याकडे कोणाला आठवत नाहीत. इथे थोडं थांबून हे नोंदवावंसं वाटतं, कारण खाजकुहिलीच्या श्रेयाची वाटणी करताना आपण हजारो वर्षं मागे उडी मारतो आणि १९३७ मधली ही दोन माणसं मध्येच गळून पडतात.

मागे उडी मारायचीच तर तिथे काय आहे तेही पाहू. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ही वनस्पती आत्मगुप्ता, कपिकच्छू, मर्कटी, वानरी अशा नावांनी येते. सुश्रुतापासून तिचं बी वाजीकरणाच्या योगांत, दुधाबरोबर सांगितलेलं आहे. बल्य आणि वातशामक म्हणूनही तिची ख्याती आहे. बी दुधात शिजवून, वरचं टरफल काढून मग वापरायचं, असं शोधन वैद्यांकडे आजही चालतं. कंप हे लक्षण आणि कंपवात हे नाव जुनं आहे. बाला मन्यम या अमेरिकेत स्थायिक झालेल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९९० साली हे बी आणि कंपवात यांची सांगड घालणारा निबंध लिहिला आणि तो गाजला. माझं मत विचाराल तर ग्रंथांतला मुख्य भर शक्ती आणि संतती यांवर आहे. कंपासाठी हेच बी, अशी ठाम आणि एकमुखी परंपरा त्यातून सिद्ध करणं अवघड जातं. वाताच्या रुग्णाला वैद्यानं ते दिलं असेल आणि कोणाचा हात थांबलाही असेल. पण तो का थांबला हे सांगणारी पुढची कडी बियाकडून आली नाही. ती आली दुसऱ्याच एका भारतीय मुळीकडून.

ती मुळी सर्पगंधेची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काय होतं याची काटेकोर नोंद ठेवली आणि १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याआधी कलकत्त्यात आणि दिल्लीत या मुळीवर काम झालं होतं, पण पाश्चात्त्य डॉक्टरांचे डोळे उघडले ते वकिलांच्या निबंधानं. १९५२ साली बासेलच्याच सिबा कंपनीनं सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळं केलं. रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर ते धडाक्यात वापरलं जाऊ लागलं. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन जास्त झालं की मात्र काही रुग्ण ताठरत, हळू चालत, चेहरा निर्विकार होई, हात थरथरत. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरानं १८१७ साली ज्या कंपवाताचं वर्णन केलं होतं, तोच जणू औषधानं घडवून आणलेला. स्वीडनच्या लुंड शहरात आर्विड कार्लसन या गोष्टीच्या मागे लागले. त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसून राहिले. मग त्यांनी डोपा टोचलं. थोड्याच मिनिटांत ससे उठले, कान टवकारले आणि हालचाल करू लागले. १९५७ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या या कामानं डोपाचा अर्थच बदलला. पुढे कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेंदूत डोपापासून डोपामीन तयार होतं, रेसर्पिन तो साठा रिकामा करतं आणि डोपा तो पुन्हा भरतं.

डोपामीन हा शब्द तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. १९५२ साली सर हेन्री डेल यांनी तो सुचवला होता. डोपातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकणारं विकर जर्मनीत पेटर होल्ट्झ यांना १९३८ सालीच सापडलं होतं, पण त्यातून होणारं डोपामीन म्हणजे ॲड्रिनलिनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक स्थानक, इतकीच त्याची पत होती. १९६० साली लंडनच्या एका परिषदेत कार्लसन आपलं म्हणणं मांडायला उभे राहिले तेव्हा डेल तिथे होते. डोपा हे विष आहे आणि अमिनो आम्लानं विष असावं ही नवलाची गोष्ट आहे, असा त्यांचा सूर होता. डोपामीनला नाव देणाऱ्यानंच डोपाला विष ठरवावं, यात तेव्हा कोणालाही काही वावगं वाटलं नाही. विज्ञानाच्या इतिहासात ज्येष्ठांच्या शंकेला फार मान असतो, आणि ते बहुतेक वेळा योग्यही असतं.

उत्तर व्हिएन्नातून आलं. ओलेह हॉर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी कंपवातानं मरण पावलेल्यांच्या मेंदूचे तुकडे तपासले. डोपामीन असलं की गुलाबी रंग येतो अशी त्यांची चाचणी होती. निरोगी मेंदूच्या अर्काला रंग आला, कंपवाताच्या मेंदूचा अर्क जवळजवळ तसाच राहिला. यंत्रात घालून आकडा वाचण्याआधीच नुसत्या डोळ्यांना फरक दिसला, असं हॉर्निकिएविच यांनी पुढे सांगितलं. हे काम १९६० साली छापून आलं. डोपामीन तोंडावाटे किंवा शिरेतून देऊन उपयोग नव्हता, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला आत सोडत नाही. डोपाला मात्र सोडतो, कारण ते अमिनो आम्ल आहे. मेंदूला अमिनो आम्लांची गरज असते आणि त्यांच्यासाठी त्या पडद्यात खास दारं असतात. डोपा त्या दारानं आत शिरतं आणि आत गेल्यावर डोपामीन होतं. ‘अमिनो आम्ल’ हे वर्गीकरण इथे अचानक रुग्णाच्या उपयोगाला आलं.

हॉर्निकिएविच यांच्याकडे रोश कंपनीनं दिलेलं थोडंसं डोपा होतं. वॉल्टर बिर्कमायर या डॉक्टरांना त्यांनी ते रुग्णांना देण्याची गळ घातली. बिर्कमायरांनी बरेच महिने चालढकल केली. अखेर जुलै १९६१ मध्ये व्हिएन्नाच्या लाइन्झ इथल्या रुग्णालयात पहिली इंजेक्शनं दिली गेली. अंथरुणात कूस बदलता येत नव्हती अशी माणसं उठून बसली, बसलेली उभी राहिली, उभी असलेली चालू लागली. परिणाम काही तासच टिकला, पण त्याचं चित्रीकरण झालं. त्याच सुमारास मॉन्ट्रिअलमध्येही कंपवाताच्या रुग्णांना डोपा देऊन पाहिलं गेलं.

मधली पाच-सहा वर्षं संशयात गेली. कोणाला गुण येई, कोणाला नाही. मात्रा लहान असत आणि उलट्या मोठ्या. हा तिढा सोडवला न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या जॉर्ज कोटझियास यांनी, आणि गंमत अशी की त्यांचा तर्क चुकीचा होता. चिलीतल्या मँगनीजच्या खाणकामगारांना कंपवातासारखा आजार होतो, हे त्यांच्या अभ्यासाचं मूळ. मेंदूतला जो काळा भाग या आजारात फिका पडतो त्याला पुन्हा काळं करावं, म्हणजे रुग्ण सुधारेल, असं त्यांना वाटत होतं. थोडक्यात ते ब्लॉख यांच्या कातडीच्या डोपाकडेच निघाले होते. मात्रा हळूहळू वाढवत त्यांनी काही रुग्णांना दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत डोपा दिलं. मेंदूचा रंग परतला की नाही कोण जाणे, रुग्णांच्या हालचाली मात्र परतल्या. १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा निबंध आला आणि जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ जागे झाले.

त्या निबंधातलं डोपा फंक यांच्यासारखं सरमिसळीचं होतं, आणि काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीनं कमी झाल्या होत्या. आरशातला उलटा रेणू शरीराच्या कामाचा नव्हता, त्रास तेवढा द्यायचा. कोटझियास यांनी मग शुद्ध ‘एल’ डोपा वापरलं आणि १९६९ साली त्याचे निकाल दिले. निम्मी मात्रा पुरली, रक्ताची तक्रार थांबली. ‘लेव्होडोपा’ या नावातलं ‘लेव्हो’ इथपासून पक्कं झालं. हा ‘एल’ म्हणजे रेणूची घडण कोणत्या कुळातली आहे त्याची खूण, आणि ‘लेव्हो’ म्हणजे प्रकाशाची पातळी डावीकडे फिरवणारा. या दोन गोष्टी दरवेळी एकत्र येत नाहीत. एल-अलनिन पाण्यात प्रकाश उजवीकडे वळवतं. डोपाच्या बाबतीत मात्र दोन्ही जुळतात, म्हणून औषधाचं नाव बिनचूक ठरलं. खाजकुहिली या भानगडीत कधीच पडली नव्हती. तिच्या बियांत पहिल्यापासून फक्त एल-डोपाच असतं.

कारखान्यात निव्वळ ‘एल’ रेणू तयार करणं हे मोठं संकट होतं. मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी त्यावर उत्प्रेरकाचा तोडगा काढला आणि १९७० च्या दशकात तो कारखान्यात चालू झाला. त्यांचा कच्चा माल होता व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारं रसायन. या पद्धतीसाठी नोल्स यांना २००१ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आदल्याच वर्षी कार्लसन यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं होतं. हॉर्निकिएविच यांना वगळलं म्हणून दोनशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. वकील, दामोदरन, रामस्वामी यांचं नाव त्या वादात कोणी घेतलं नाही.

उलट्यांचा प्रश्नही याच काळात सुटला. डोपा पोटात गेलं की बरंचसं मेंदूबाहेरच डोपामीन होऊन जातं आणि मळमळ सुरू होते. बाहेरचं हे रूपांतर अडवणारं कार्बिडोपा जोडीला दिलं की डोपाची मात्रा एक चतुर्थांशावर येते. या जोडगोळीला अमेरिकेत ‘सिनेमेट’ नाव मिळालं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उलटीविना. साठ वर्षांपूर्वीच्या गुगेनहाइम यांना ही गोळी मिळाली असती तर डोपाचा इतिहास वेगळा झाला असता का? बहुधा नसता. तेव्हा मेंदूत डोपामीन आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

आता मुंबई. लेव्होडोपा बाजारात आलं तरी ते महाग होतं आणि भारतात सहज मिळत नव्हतं. दामोदरन-रामस्वामींच्या बियाची आठवण इथल्या डॉक्टरांना झाली ती या गरजेपोटी. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुहिलीच्या बियांची पूड कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिली. भारतीय मेंदूविकारशास्त्राचे अध्वर्यू डॉ. नोशीर वाडिया यांचं नावही त्या निबंधावर आहे. १९७८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त तो छापला गेला. वाडियांसारखा चिकित्सक माणूस ‘वनौषधी’ या शब्दाला भुलणारा नव्हता. बियांत मोजता येईल इतकं लेव्होडोपा आहे, मग ते पोटात गेल्यावर लेव्होडोपासारखंच वागतं का, असा सरळ प्रश्न त्यांच्यापुढे होता. रुग्ण सुधारले. मात्र पूड घ्यावी लागे ती चमच्यानं नव्हे, वाटीनं म्हणावी इतकी.

त्याच अंकात वैद्य यांच्या गटाचा दुसरा निबंध आहे, आणि मला तो जास्त चलाख वाटतो. डोपामीन वाढलं की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कमी व्हायला हवं. बियांच्या पुडीनं ते तसं कमी होतं, हे त्यांनी माणसांत दाखवलं. रुग्ण ‘बरं वाटतं’ म्हणतो यावर न विसंबता औषध शरीरात कुठे काम करतंय याचा असा पुरावा देणं, हे तेव्हाच्या आयुर्वेद-संशोधनात दुर्मीळ होतं.

पुढे मुंबईच्या झंडू कंपनीनं या बियांची प्रमाणित पूड तयार केली. चाचणीत तिचं नाव एचपी-२००, बाजारात ‘झंडोपा’. साडेसात ग्रॅमच्या मात्रेत सुमारे २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा. १९९५ साली ६० रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांना एकदा बियांची पूड आणि एकदा नेहमीची गोळी, कोणती दिली हे न कळू देता, देऊन पाहिली गेली. ३० ग्रॅम पुडीचा परिणाम लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. २०१७ साली इटालियन डॉक्टरांच्या गटानं बोलिव्हियात १८ रुग्णांना भाजलेल्या बियांची पूड दिली आणि तीही गोळीच्या तोडीची ठरली. त्यांचा हेतू साधा होता. गोळी न परवडणाऱ्यांना हे बी तरी मिळावं.

या आकड्यांवरून कोणी कुंपणावरचं बी कुटून घ्यायला लागेल तर ते मात्र संकट. साध्या जंगली बियांत डोपाचं प्रमाण जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे बदलतं. तीन टक्के की सहा टक्के हे बी पाहून कळत नाही, म्हणजे मात्रा दुप्पट झाली तरी पत्ता लागत नाही. लेव्होडोपा जास्त झालं की अंग आपोआप वळवळतं, भास होतात, रक्तदाब घसरतो. आधीच गोळी चालू असलेला माणूस वर पूड घेऊ लागला तर डॉक्टरांचा सगळा हिशेब चुकतो. औषध म्हटलं की ते बियातून आलं काय आणि व्हॅनिलिनमधून आलं काय, रेणू तोच आणि त्याचे दोषही तेच. बरीच वर्षं डोपा घेतल्यावर परिणाम मध्येच तुटू लागतो, हे दुखणं दोन्हींना चुकलेलं नाही. ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात, दशकानुदशकं गोठून बसलेल्या रुग्णांना डोपानं जागं होताना आणि नंतर ढासळताना पाहिलं. त्याचं ‘अवेकनिंग्ज’ हे पुस्तक १९७३ साली आलं आणि १९९० साली त्यावर चित्रपट निघाला.

मराठी घरात या इतिहासाचा रोजचा अवशेष असतो तो घड्याळाच्या रूपानं. डोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या, असं डॉक्टर बजावतात. कारण आमटीतल्या डाळीतून, दह्यातून, अंड्यातून सुटणारी अमिनो आम्लं आतड्यात आणि पुढे मेंदूच्या पडद्याशी त्याच दारातून जायला धडपडतात. भरपेट जेवणावर घेतलेली गोळी रांगेत मागे राहते. आजोबांचं पाऊल दुपारी जेवल्यानंतर अडतं याचा दोष म्हातारपणाला दिला जातो, आणि तो कित्येकदा डाळीचा असतो.

वेलीनं हे रसायन कशाला साठवलं, हा प्रश्न वैद्यकाच्या धांदलीत मागेच राहिला होता. १९७३ साली रेर, जॅन्झन आणि फीनी या तिघांनी ‘सायन्स’मध्ये उत्तर दिलं. डोपा मिसळलेलं खाद्य दिलं की अळ्यांची वाढ खुंटते. खाजकुहिलीच्या बियांना कीड फारशी लागत नाही, त्याचं कारण हेच असावं. म्हणजे बाहेर केस गुराढोरांसाठी आणि आत डोपा किड्यांसाठी.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेल्या दोन दशकांत या कुळावर सातत्यानं काम झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी ऐतवडे यांनी २०१२ साली उत्तर सह्याद्रीतून या प्रजातीगटातली एक नवी जात जगापुढे आणली, म्युक्युना संजप्पे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे माजी संचालक संजप्पा यांच्या सन्मानार्थ ते नाव आहे. खाजकुहिलीच्या कोणत्या जातीत किती डोपा, हे मोजण्याचं कामही इथे झालं. एखादी नवी वेल सापडली की वर्गीकरणतज्ज्ञ फुलाच्या पाकळ्या मोजतो आणि शेजारच्या इमारतीतला जीवरसायनवाला बियांची वाट पाहत असतो.

त्याच विद्यापीठात डॉ. ज्योती जाधव यांच्या प्रयोगशाळेनं वेगळा मार्ग घेतला. सोनगारवी, म्हणजे मोठी कुहिली, हिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांच्यातल्या विकराकडून टायरोसिनचं डोपा करून घ्यायचं. डॉ. व्ही. ए. बापट यांच्यासह केलेलं हे काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. जंगलातल्या वेली ओरबाडाव्या लागू नयेत, हा त्यातला एक फायदा. अडचण जुनीच आहे, ब्लॉख यांनी कातडीच्या कापांत पाहिलेली. हे विकर डोपापाशी थांबत नाही. ते पुढे जातं आणि द्रावण काळं पडू लागतं. म्हणून अशा प्रयोगांत द्रावणात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व घालतात. तेवढ्यानं डोपा डोपाच राहतं.